पोहे आणि पेन्सिल

अकराला येतो म्हणालेला पोरगा साडेदहालाच दारात हजर. बरोबर त्याचे मामा, पांढरी टोपी, पायजमा, हातात हेल्मेट. माझी दाढी अर्धी झालेली, गळ्यात टॉवेल. ‘या, बसा, चावी आणतो,’ म्हणून आत वळलो आणि चावी घेऊन बाहेर येतो तर पोरगा पार्किंगमध्ये स्कूटरशेजारी उकिडवा बसलेला. तवा तापला का बघताना बायका आधी हात जरा वर धरतात आणि अंदाज आला की टेकवतात, तसा त्यानं सायलेन्सरवर तळहात धरला, मग पूर्ण टेकवला. दोन-तीन सेकंद तसाच. ‘गार हाय,’ तो मामांकडे बघून म्हणाला. माझ्याकडे बघून नाही.

मला ते लागलं. जुनी गाडी बघायला गेल्यावर इंजिन गार आहे का ते आधी बघावं, हे काय मला माहीत नाही होय? गाडी आधीच चालू करून तापवून ठेवली की तिचे निम्मे आजार झाकले जातात. धूर येत नाही, खडखड कमी होते, एका झटक्यात चालू होते. पण हे दुसऱ्याच्या दारात करायचं. आपल्या दारात, आपल्या फरशीवर बसून कुणीतरी आपल्या गाडीच्या सायलेन्सरला हात लावून आपला खरेपणा तपासतंय, हे पचायला वेगळंच पोट लागतं. त्यात ती गाडी बाबांची. नावावर माझ्या असली तरी २०१४ साली शोरूममधून आणल्यापासून चालवली त्यांनीच. मंडई, बँक, विरंगुळा केंद्र, दर गुरुवारी दत्ताच्या देवळात. ते गेल्यावर तिच्यावर कापड टाकलं. मी अधूनमधून कोपऱ्यावर जाऊन येत असे, पण गेले तीन महिने तेही नाही. एक दिवस कापडाखाली मांजरीनं पिल्लं घातलेली दिसली. ती मोठी होऊन निघून गेली तेव्हा बायको म्हणाली, आता विकून टाकू या. मग मी जाहिरात टाकली. ‘घरगुती वापर, सिंगल हँड, पेपर क्लियर.’ लिहिताना मलाच हसू आलं. जगातला प्रत्येक विकणारा हेच तर लिहितो.

पोरगा म्हणाला, ‘चेसिस नंबर कुठं कोरलाय काका?’ आणि माझं उत्तर यायच्या आत फरशीवर जवळजवळ आडवाच झाला. मोबाइलचा टॉर्च दातात धरला. अंगठ्यानं फ्रेमवरचा वाळलेला चिखल खरवडला. मग शर्टाच्या खिशातून वहीच्या कागदाची एक पट्टी काढली.

आणि पेन्सिल.

पट्टी नंबरावर दाबून धरून तो पेन्सिल आडवी करून घासायला लागला. करड्या रंगात एकेक पांढरं अक्षर वर यायला लागलं. नेमकी त्याच वेळी बायको पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. मामा उठून उभेच राहिले. ‘आरं राहू दे की आता. चांगल्या घरची माणसं हायत. गरम गरम खाऊन घे आधी.’ पोरगा फरशीवरूनच, दातातला टॉर्च न काढता, काहीतरी बोलला. मग टॉर्च हातात घेऊन पुन्हा नीट म्हणाला, ‘ठिवा काकू, दोन मिन्टात आलो.’ आणि घासत राहिला. मी फोन आल्याचं निमित्त करून आत गेलो. फोन आला नव्हता. स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभा राहिलो आणि माझ्या लक्षात आलं की सायलेन्सरवरचा हात मला लागला होता, पण ही पेन्सिल दुसरीकडेच कुठंतरी जाऊन रुतली होती.

२००७ चा गुढीपाडवा नुकताच झाला होता. मला कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी लागून सहा महिने झाले होते आणि सायकलवरून जायची लाज वाटायला लागली होती. बाबा एसटीच्या कार्यशाळेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना कुठलीही गोष्ट ठोकल्याशिवाय घेता येत नसे. कलिंगड ठोकत, माठ ठोकत, सदऱ्याची बटणं दुकानदारासमोर ओढून बघत. शर्टाच्या खिशात कायम लाल-काळ्या पट्ट्यांची पेन्सिल. कानावर ठेवायची नोकरीतली सवय निवृत्तीनंतर आईनं मोडून काढली, म्हणून ती खिशात आली होती. पेपरातल्या छोट्या जाहिरातीवरून आम्ही दोघं एका उपनगरात एक स्प्लेंडर बघायला गेलो. काळी, जांभळे पट्टे, २००४ चं मॉडेल, बावीस हजार. बरी किंमत होती. जरा जास्तच बरी होती, हे आता कळतं.

दोन खोल्यांचं भाड्याचं घर, दारात तुळस, भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर. माणूस तिशीचा, बोलायला गोड. कागद त्याच्या नावावर नव्हते. मावसभावाच्या नावावर होते, तो दुबईला गेलेला, पण टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या अर्जावर, सह्या करून गेलेला. फॉर्मवर तारीख नव्हती. बाबांनी गाडी चालू केली, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावलं, मूठ कानाला, आणि डोळे मिटून ऐकत बसले. डॉक्टरच्या नळीपेक्षा मला ते जास्त खरं वाटायचं. ‘चेन आत्ताच बदललेली दिसतीय,’ म्हणाले. समाधानी दिसले. मग खिशातून पेन्सिल काढली, माझ्याकडे कागद मागितला आणि हँडलखालच्या पाइपाजवळ वाकले. तेवढ्यात आतून बाई आली. डोक्यावर पदर, हातात दोन बश्या. पोह्यांवर ओलं खोबरं, कोथिंबीर, कडेला लिंबाची फोड. ‘आधी खाऊन घ्या काका, निवतील.’ बाबांनी विचारायचं म्हणून विचारलं, गाव कुठलं तुमचं? ती जे नाव बोलली ते माझ्या आजोळाच्या पलीकडचं गाव निघालं. मधे फक्त एक ओढा. मग काय, पाटलांची विहीर, यात्रा, कुणाची कोण कुठं दिली, सगळं निघालं. बाबांनी पेन्सिल खिशात परत ठेवली.

त्या पोह्यांनंतर नंबर घासणं म्हणजे पाहुण्याच्या घरी जेवून ताट उलटं करून बघण्यासारखं झालं असतं. भीड ही भिकेची बहीण, असं माझी आजी येताजाता म्हणायची. म्हणायची आणि स्वतः भिडेपायी कुणालाही काहीही उसनं द्यायची.

गाडी नावावर करायला खरेदीनंतर महिन्याच्या आत अर्ज द्यायचा असतो. मी आठ महिने लावले. कामाच्या पाळ्या, एजंटाचे हेलपाटे, दुसऱ्या जिल्ह्यातल्या आरटीओकडून येणारं ना-हरकत, शिवाय ‘गाडी तर आपल्याकडंच हाय’ हा सगळ्या आळसाचा बाप. दिवाळी झाल्यावर एकदाचा गाडी घेऊन तपासणीला उभा राहिलो. इन्स्पेक्टरनं नंबराचा ट्रेस घेतला, भिंग लावलं, आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग मलाच भिंग दिलं. ‘हा आठ बघा. आता हा शेजारचा आठ बघा.’ एका आठाची कंबर बारीक होती, दुसऱ्याची जाड. ओळही सरळ नव्हती. शेवटचे चार आकडे किंचित खाली घसरलेले, पट्टी न ठेवता लिहिलेल्या नावासारखे. तो चिडला नाही, हेच जास्त भीतीदायक होतं. त्यानं शांतपणे माझ्या हातातली चावी घेतली, शिपायाकडे दिली आणि फोन उचलला.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत, तुकड्यातुकड्यांनी आठवतात. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांचं गळकं पेन. तीनदा विचारलेला एकच प्रश्न, ‘केवढ्याला घेतली म्हणाला?’ बाबांच्या ओळखीचे वकील नंतर म्हणाले, त्या प्रश्नातच सगळं आहे. तेव्हा भारतीय दंडविधानात कलम ४११ होतं. आता भारतीय न्याय संहितेत ते ३१७ झालंय. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेतला, किंवा तसं वाटायला कारण असून घेतला, तर गुन्हा. आणि कवडीमोल भाव हे ‘कारण’ होऊ शकतं. बावीस हजारात मी थोडक्यात वाचलो म्हणायचं. आणखी चार हजार घासाघीस जमली असती तर खिशाला फायदा आणि मानेला फास. मला साक्षीदार केलं, आरोपी नाही. पण पैशांचं काय, असं मी विचारल्यावर वकिलांनी चष्मा कपाळावर सरकवला. ‘जे त्याचं नव्हतंच ते त्यानं तुला विकलं कसं? १९३० सालापासूनचा कायदा आहे. विकणाऱ्याकडं जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याकडं येतो. त्याच्याकडं शून्य होता. तुला शून्य मिळाला.’

चौकीच्या आवारात गाड्यांची रांगच रांग होती. काहींच्या चाकांतून घाणेरी उगवलेली, एका रिक्षेत कोंबडी बसलेली. जप्त गाड्या अशा वर्षानुवर्षं सडवू नयेत, मालकाला लवकर द्याव्यात, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सांगून ठेवलंय. पण घाणेरी निकालपत्रं वाचत नाही. हवालदारांना माझी दया आली असावी. चहा सांगितला आणि कसं करतात ते समजावून सांगितलं. अपघातात पार चेपलेली गाडी भंगारात घ्यायची, कागदांसकट. मग त्याच मॉडेलची, त्याच रंगाची धडधाकट गाडी उचलायची. तिचा नंबर कानशीनं घासून काढायचा आणि मेलेल्या गाडीचा नंबर तिच्यावर ठोकायचा. कागद खरे, गाडी खरी. फक्त एकमेकांचे नाहीत.

‘पण घासला तरी जात नाही बरं का,’ ते म्हणाले. हे मला नंतर वाचून नीट कळलं. कारखान्यात आकडा ठोकतात तेव्हा नुसती वरची खाच पडत नाही, तिच्याखालचं लोखंडही दबलं जातं. वरचा आकडा कानशीनं सपाट केला तरी खालचा दबलेला थर तिथंच असतो. तिथं हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि कॉपर क्लोराइडचं द्रावण फिरवलं की दबलेलं लोखंड आजूबाजूच्यापेक्षा वेगळ्या गतीनं झिजतं आणि गेलेला आकडा धूसर होऊन वर येतो. फोटो काढेपर्यंत टिकला तर टिकला. माझ्या गाडीचा असाच वर आला. माझ्या म्हणायची सवय अजून जात नाही.

खरे मालक दुसऱ्या जिल्ह्यातले प्राथमिक शिक्षक निघाले. सुपूर्तनाम्यावर, म्हणजे हमी लिहून देऊन, गाडी न्यायला आले त्या दिवशी मलाही बोलावलं होतं. बाबाही आले. गुरुजी सडपातळ, छातीशी फाइल धरलेली. ओळख पटवायला काही खूण आहे का, असं हवालदारांनी विचारलं. गुरुजी म्हणाले, ‘डावीकडचं कव्हर काढा.’ मला पुढचं माहीत होतं. महिन्याभरापूर्वी खंडेनवमीला आईनं गाडी धुतली होती, तेव्हा तेच कव्हर काढल्यावर आतल्या बाजूला एक मरून रंगाची टिकली चिकटलेली दिसली होती. कडा काळ्या पडलेल्या, पण घट्ट. ‘आधीच्या घरातल्या बाईनं लावली असंल,’ आई म्हणाली आणि टिकलीच्या कडेकडेनं फडकं फिरवून तिनं ती तशीच ठेवली. मी ऐकलं आणि हार आणायला गेलो. आता हवालदारांनी कव्हर काढून उजेडात धरलं. ‘आमच्या हिनं लावलेली,’ गुरुजी जरा लाजून म्हणाले. ‘दृष्ट लागू नये म्हणून. आणि लोकांनी हसू नये म्हणून आतल्या बाजूनं.’ हवालदार हसले.

गुरुजींनी सीटवरून हात फिरवला. कव्हर नवं होतं, मी घातलेलं. बॅटरीही नवी, माझ्याच पैशांची. त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी खिशातून पाचशेची नोट काढली. बाबा म्हणाले, ‘नको हो गुरुजी.’ मग ते गाडी घेऊन गेले. फाटकाशी थांबून उगीच मागं वळून हात वर केला. पाहुण्यांचा निरोप घेतात तसा. आम्ही दोघं एसटीनं घरी आलो. सगळ्या वाटेत बाबा एकच वाक्य बोलले.

‘पोहे चांगले होते.’

त्या घराला कुलूप होतं. घरमालकाकडे भाडेकरार नव्हता, नाव होतं तेही खरं असण्याची शक्यता नव्हती. माणूस पुढं सापडला की नाही, आम्हाला कुणी कळवलं नाही. त्याच्याबद्दल मला फार काही वाटत नाही. मला ती बाई आठवते. तिला माहीत होतं का? आजोळापलीकडच्या गावाचं नाव तिनं सहज घेतलं होतं, यात्रेतल्या सोंगांचं वर्णन केलं होतं, आणि ते खोटं असतं तर बाबांनी पकडलं असतं. म्हणजे ती खरंच तिथली होती. नवऱ्यानं सांगितलं, गिऱ्हाईक येणार, पोहे कर. तिनं केले. की नेमके कधी आणायचे तेही ठरलेलं होतं? या प्रश्नावर मी गेली कितीतरी वर्षं अडकून आहे. बावीस हजार केव्हाच विसरलो.

आता सगळं सोपं झालंय असं म्हणतात. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की मालकाचं नाव अर्धं तारे लावून दिसतं. कर्जाचा बोजा आहे का, विमा कधी संपतो, सगळं समोर. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, नाहीतर हप्ते थकलेल्याची गाडी घ्यायची आणि वसुलीवाले आपल्या दारात. चोरीची नोंद आहे का ते पाहायलाही पोलिसांची ऑनलाइन सोय आहे. पण ॲप सांगतं ते नंबराबद्दल. समोर उभी आहे ती गाडी त्याच नंबराची का, यासाठी अजूनही वाकावंच लागतं. आणि जाहिराती पाहाल तर अजून त्याच. ‘डॉक्टरांनी वापरलेली.’ ‘लेडीज युज्ड.’ आपल्याकडं डॉक्टर गाडी विकण्याशिवाय दुसरं काही करतात की नाही कोण जाणे. मधे तर फौजींची साथ आली होती. बदली झाली, गाडी विमानतळावर उभी आहे, आधी टोकन पाठवा. वर्दीतला फोटो बघून लोक पैसे पाठवत. वर्दीला पेन्सिल कोण लावणार? पोह्यांचंच ते रूप.

एकदा मात्र मी शिकल्यासारखा वागलो होतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पंचेचाळीसला धोक्याची पातळी, म्हणजे पुढचं सांगलीकरांना सांगायला नको. पुढच्या जानेवारीत आम्ही एक पाच वर्षांची पेट्रोल गाडी बघायला गेलो. या वेळी आमचे मेस्त्री बरोबर घेतले. गाडी चकाचक. दार उघडलं तर अगरबत्तीचा वास. मेस्त्रींनी बॉनेटला हातच लावला नाही. पुढच्या सीटवर बसले आणि सीटबेल्ट ओढायला लागले. आपण ओढतो तेवढा नाही. ओढत राहिले, ओढत राहिले, अगदी गुंडाळीच्या तळाशी असलेला पट्टा बाहेर येईपर्यंत. वरचा पट्टा धुऊन काळाभोर केलेला. शेवटची वीतभर मात्र खाकी, आणि तिच्यावर आडवी रेघ. मेस्त्रींनी ती नखानं खरवडली. बारीक, मऊ, वाळलेला गाळ. मग डिकीत जाऊन स्टेपनी उचलली, तिच्या खळग्यातून बोट फिरवून आणलं आणि मला दाखवलं. तिथंही तेच. हळू आवाजात म्हणाले, ‘वायरिंगमधी पाणी गेलं की गाडी लगेच बोलत न्हाई. सहा महिन्यांनी बोलती. एअरबॅगचं तर बोलतच न्हाई. उघडायच्या वेळंला गप्प बसती.’

मालक शेजारीच उभा होता. ‘पाणी फक्त टायरपर्यंत आलं होतं हो,’ तो म्हणाला. मी त्याच्या मागं पाहिलं. घराच्या भिंतीवर, माझ्या खांद्याच्या उंचीवर, रंगाखालून तीच रेघ उमटलेली होती. आत एक जुनी लाकडी कपाटाची जोडी फुगून दारं उघडी पडलेली. दुकान होतं त्याचं पेठेत. तेही गेलं असणार. तो फसवत होता, यात शंका नाही. पण २००७ च्या त्या माणसाचा मला येतो तसा याचा राग येईना. त्याच्यापाशी विकण्यासारखी तेवढी एकच वस्तू उरली होती आणि तिच्यात नदी भरलेली होती. ‘घरी विचारून सांगतो,’ मी म्हणालो. आम्ही फाटकापर्यंत जाईतो त्यानं मागून चाळीस हजार कमी केले. रस्त्यावर आल्यावर बायको म्हणाली, ‘कुणाला विचारणार? मी तर इथंच आहे.’ मेस्त्री हसले. मला हसू आलं नाही.

हे सगळं ओट्याला टेकून आठवत होतं असं नाही. तिथं मी जेमतेम पाच मिनिटं होतो. पण एक गोष्ट तिथंच कळली आणि ती सांगायला मला अवघड जातंय. पोरगा अकराला येणार म्हणून पावणेअकराला खाली जाऊन स्कूटर चालू करून ठेवायचं मी आदल्या रात्रीच ठरवलं होतं. बॅटरी उतरलीय, गार असली की सेल्फला घेत नाही, किकही चार-पाच माराव्या लागतात. फसवायचं असं काही मनात नव्हतं. त्याच्यासमोर उगाच फजिती नको, एवढंच. पाणी फक्त टायरपर्यंत आलं होतं, तसं. पोरगा अर्धा तास आधी आला म्हणून माझी अर्धी दाढी राहिली आणि सायलेन्सर गार राहिला. तो हात मला का लागला, ते दुसऱ्या कुणाला विचारायची गरज नव्हती.

बाहेर आलो तर मामा संकोचून पोह्यांचे दोन-दोन घास खात होते आणि पोरगा पट्टीवरची अक्षरं आरसी कार्डाशी पडताळत होता. सतरा. एकेका अक्षरावर बोट ठेवून. ‘ह्यात ओ नसतो काका. आय पण नसतो, क्यू पण नसतो. शून्याशी न् एकाशी घोळ हुतो म्हणून. ओ दिसला की समजायचं कुणीतरी घरी बसून ठोकलाय.’ हे त्याला कुपवाडच्याच एका कारखान्यातल्या सुपरवायझरनं सांगितलं होतं. मी म्हणालो, ‘अरे, एक सांगायचं राहिलं. सेल्फ घेणार नाही. बॅटरी उतरलीय. गार असली की किकही चार-पाच लागतात.’ ‘म्हाईताय,’ तो म्हणाला. ‘तीन म्हयनं हुभी हाय म्हणला की फोनवर.’ पाचव्या किकला गाडी चालू झाली. थोडा पांढरा धूर आला आणि गेला. त्यानं हजार रुपये कमी करायला सांगितले, मी केले. मामांना ते फार कमी वाटले, पण बोलले नाहीत.

मग त्यानं सीट उचलली. सीटच्या आतल्या बाजूला बाबांनी पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे एकाखाली एक लावलेले होते. मला ते माहीत होतं आणि नव्हतंही, घरातल्या जुन्या कॅलेंडरसारखं. बॉलपेननं लिहिलेल्या तेरा ओळी. तारीख, ‘ऑईल’, किलोमीटर. एसटीतलं अक्षर, आकड्यांचे पाय सरळ, सातला मधे आडवी रेघ. शेवटची ओळ ३-२-२३, ३१,८६०. त्याच्याखाली पट्टी चिकटवून ठेवलेली, कोरी. पोरगा वरून खालपर्यंत सगळं वाचत गेला. बोटं मोजत. मला वाटलं आता तो विचारेल, कोणी लिहिलंय, आणि मला सांगावं लागेल. त्यानं मान वाकडी करून मीटर बघितलं. ३२,४१७. ‘दर अडीच हजाराला ऑईल,’ तो मामांना म्हणाला. ‘मीटर फिरवल्यालं न्हाई.’

कागदांना पाऊण तास गेला. टीटी फॉर्म, त्यावर तारखेसकट सह्या, फोटो, आधारची प्रत. मी ताबापावती लिहून ठेवली होती, तिच्यावर गाडी किती वाजता दिली ती वेळही घातली, बारा वीस. त्याची सही घेतली, मामांची साक्षीदार म्हणून घेतली, आणि दोघांची ओळखपत्रं मोबाइलवर काढून ठेवली. कारण उद्या यानं नावावर केली नाही आणि कुणाला ठोकर दिली तर भरपाई कागदावरच्या मालकाच्या माथी. २०१८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं तेच ठरवलंय, गाडी हातोहात चार जणांकडे गेलेली असून. मामा म्हणाले, ‘एवढं कशाला साहेब, आम्ही काय पळून जातोय?’ त्यांचा चेहरा पडला होता. तासापूर्वीचा माझा असाच दिसत असणार. पोरगा मात्र म्हणाला, ‘घेऊ दे मामा. बराबर हाय त्यांचं.’

बायकोनं त्याची बशी उचलली. ‘पार गार झाले रे. थांब, गरम करून आणते.’

‘असू दे काकू, चालतंय,’ म्हणत त्यानं बशी तिच्या हातातून घेतली आणि डाव्या हातानं विम्याचा कागद उलटून मागची बाजू वाचत वाचत खायला लागला.